पाहुणे, हरणं आणि एक किलो गाजरं

डब्लिनला आमच्याकडे पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेला असतो. पहिला दिवस जेटलॅगचा. दुसऱ्या दिवशी ट्रिनिटी कॉलेज, लिफी नदीवरचे पूल आणि पाऊस. तिसऱ्या दिवशी फिनिक्स पार्क, हरणं आणि एक किलो गाजरं.

गाजरांचं खातं माझ्याकडे. सँट्रीतल्या आमच्या घराजवळच्या सुपरमार्केटातून आदल्या दिवशी पिशवी आणायची, गाजरं स्वच्छ धुवायची, उभी चिरायची (तुकडा लांब असला की आपली बोटं आणि हरणाचे दात यांच्यात सुरक्षित अंतर राहतं, हा त्यातला इंजिनिअरिंगचा भाग) आणि डबा गाडीत ठेवायचा. बॉलीमन, फिंग्लस असं करत ॲशटाउनच्या फाटकातून आत शिरलं की वीस-पंचवीस मिनिटांत आपण हरणांच्या दारात. पाहुणे घाबरत घाबरत गाजर पुढे करतात, हरीण मान लांब करून ते अलगद उचलतं, पाहुणे लहान मुलासारखे ओरडतात आणि मी फोटो काढतो. नऊ वर्षं हा उद्योग केला. एकही पाहुणा नाराज होऊन परत गेला नाही. ट्रिनिटी कॉलेजबद्दल असं सांगता येणार नाही!

त्यातला एक फोटो आमच्या घराण्यात गाजलेला आहे. माझी लेक चार वर्षांची, अंगात लाल रेनकोट, हातात गाजर, आणि समोर तिच्याहून उंच, पाठीवर पांढरे ठिपके असलेलं हरीण. हा फोटो मोठा करून, चौकटीत घालून गुहागरजवळच्या आमच्या गावच्या घरी ओटीवर लावलेला आहे. पोस्टमनपासून भटजींपर्यंत घरी येणाऱ्या प्रत्येकाला आई तो दाखवते.

आज लिहायचंय ते त्या फोटोबद्दल. कारण माझं मत बदललं. आणि मत बदलल्यावर पहिली वादावादी झाली ती आईशीच.

पण आधी ज्यांनी ही जागा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती.

फिनिक्स पार्क हे नाव ऐकून राखेतून उठणारा पक्षी डोळ्यासमोर येतो, पण त्याचा इथे मुळात संबंध नाही. आयरिश भाषेत 'स्वच्छ पाणी' या अर्थाचे जे शब्द आहेत, त्यांचा इंग्रजी कानांनी केलेला हा अपभ्रंश. (तरीही १७४७ मध्ये लॉर्ड चेस्टरफील्डने पार्काच्या मधोमध खांब उभारून त्यावर फिनिक्स पक्षी बसवलाच. नाव चुकलं तर चुकीला साजेसा पुतळा उभारायचा, ही पद्धत फक्त आपल्याकडेच आहे असं नाही.) क्षेत्रफळ ७०७ हेक्टर. म्हणजे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या दुप्पट. आपल्या दादरच्या शिवाजी पार्कासारखी साठेक मैदानं यात आरामात मावतील. आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान याच्या आत, १८३१ साली उघडलेलं प्राणिसंग्रहालयही आत. एका टोकाला वेलिंग्टनचा ६२ मीटर उंच दगडी स्तंभ आहे. हा वेलिंग्टन म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला १८०३ साली शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला तोच आर्थर वेलस्ली. जन्म डब्लिनचाच. त्या स्तंभापाशी मी उगाचच जरा छाती काढून उभा राहतो, का ते विचारू नका.

आणि मग आहे तो पोपचा क्रूस. २९ सप्टेंबर १९७९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे इथे आले होते. त्या दिवशी दहा लाखांहून जास्त माणसं या मैदानात जमली, म्हणजे त्या वेळच्या देशाच्या लोकसंख्येतला जवळजवळ प्रत्येक तिसरा माणूस. त्या प्रार्थनेसाठी उभारलेला ३५ मीटर उंच पांढरा क्रूस अजून तिथेच एका उंचवट्यावर आहे. पायऱ्या चढून वर गेलं की समोर मोठं गवताळ मैदान पसरलेलं दिसतं. त्याचं नाव 'फिफ्टीन एकर्स', पण प्रत्यक्षात ते पंधरा एकराच्या कितीतरी पट मोठं आहे. सातबारा कोणी लिहिला कोण जाणे.

याच मैदानात हरणं असतात. सगळ्या पार्कात मिळून सुमारे ६००. ही 'फॅलो' जातीची हरणं. पाहताक्षणी आपल्याला चितळच वाटतात: तोच तांबूस रंग, तेच पांढरे ठिपके. नराची शिंगं मात्र वेगळी, टोकाला पसरट होत गेलेली, उघड्या पंजासारखी. १६६२ साली ड्यूक ऑफ ऑर्मंडने राजा दुसऱ्या चार्ल्ससाठी इथे शिकारीचं राखीव रान केलं, भोवती भिंत घातली आणि आत हरणं सोडली. आजची हरणं ही त्यांचीच वंशावळ मानतात. म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराज आग्र्याहून सुटले त्याच दशकात ही मंडळी इथे राहायला आली. शिकार कधीच थांबली, भिंत राहिली, शहर भोवतीनं वाढत गेलं आणि हरणं आत तशीच राहिली. शहराच्या बसने जावं आणि साडेतीनशे वर्षं जुना, मोकळा फिरणारा कळप पाहावा, अशी दुसरी जागा मला तरी माहीत नाही.

आता मुद्द्याकडे येतो.

सुरुवातीच्या वर्षांत हरणं शोधावी लागत. क्रूसाच्या पलीकडे, झाडांच्या कडेला कुठेतरी कळप दिसायचा. आम्ही हळूहळू जवळ जायचो आणि त्यातली एखाद-दुसरी धीट मादी पुढे यायची. बाकीच्या मान वर करून पाहत राहायच्या. पुढे पुढे शोधणं कमी झालं. मग एक वेळ अशी आली की गाडी लावून दार उघडलं आणि डब्याचं झाकण काढलं, की सात-आठ हरणं चालत आमच्याकडेच यायची. मला तेव्हा मोठा अभिमान वाटला होता. मी बायकोला म्हटलंही, "बघ, ओळखतात मला." बायको म्हणाली, "तुला नाही, डब्याला." बायका बरोबर बोलतात तेव्हा आपल्याला ते तीन-चार वर्षांनी कळतं.

२०२० मध्ये महामारी आली. घरापासून ठरावीक अंतराबाहेर जायला बंदी. त्या काळात अर्ध्या डब्लिनला पार्काचा शोध लागला. गर्दी वाढली, आणि गर्दीबरोबर खाऊही. गाजर, सफरचंद तरी समजू शकतो. मी या डोळ्यांनी हरणांना ब्रेड, बिस्किटं, बटाट्याचे वेफर्स, एकदा तर डोनट खाताना पाहिलं आहे. हरीण हा गायीसारखाच रवंथ करणारा प्राणी. गवत-पाला हळूहळू कुजवून पचवायचा, अशी त्याच्या पोटाची रचना. त्यात एकदम ब्रेड आणि साखर पडली की आतली आम्लता वाढते आणि जनावर आजारी पडतं. गोठ्यात गुरं असलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. लग्नाच्या पंगतीतलं उरलेलं अन्न गायीपुढे ओतलं की काय होतं, ते त्याने पाहिलेलं असतं.

मग २०२२ मध्ये इथल्या युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विषय नेमका हाच: फिनिक्स पार्कातली हरणं आणि त्यांना भरवणारी माणसं. इथे जूनमध्ये पाडसं जन्मली की त्यांच्या कानात रंगीत बिल्ले अडकवतात. त्यामुळे कोणतं हरीण कोणतं, ते ओळखता येतं. संशोधकांनी कोण माणसांकडे मागायला येतं आणि कोण येत नाही याची हरणागणिक नोंद ठेवली. निष्कर्ष असा की साधारण एक चतुर्थांश हरणं सतत मागणारी. बहुसंख्य अधूनमधून येणारी. आणि थोडी अशी, की जी माणसाच्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीत.

इथवर मला काही वाटलं नाही. माणसांतही असंच असतं. ऑफिसात केक आला की कोण सर्वांत आधी पोचतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण पुढची गोष्ट वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. सतत मागणाऱ्या माद्यांची पाडसं जन्मतःच वजनाने जास्त भरली.

हे का महत्त्वाचं? साधं गणित आहे. वजनदार पाडसाची जगण्याची शक्यता जास्त. म्हणजे धीट मादीला खाऊ जास्त, तिचं पाडस दणकट, ते जगणार, आईचा धीटपणा रक्तातून म्हणा किंवा तिच्याबरोबर हिंडून म्हणा, उचलणार, आणि उद्या तेही डब्याकडे येणार. लाजाळू मादीचं पाडस या शर्यतीत मागे. आम्ही इंजिनिअर लोक याला 'पॉझिटिव्ह फीडबॅक' म्हणतो. माईकचा आवाज स्पीकरमधून निघून पुन्हा माईकमध्ये शिरला की जी कर्णकर्कश शिट्टी वाजते, तोच हा प्रकार. इथे 'फीड' आपण करतो आणि 'बॅक' पुढच्या पिढीतून येतं. म्हणजे मी फोटो काढत होतो असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात मी हरणांची निवड करत होतो. कोणी जगावं आणि कोणी मागे पडावं, ते माझ्या गाजराच्या डब्यावर ठरत होतं.

एके काळी इथे शिकारी यायचे. त्या काळात माणसाजवळ जाणारं हरीण मरायचं आणि दूर पळणारं वाचायचं. आता उलटं झालं. शिकाऱ्याने हरणाला माणसाची भीती शिकवली, ती आम्ही पाहुण्यांना खूश करण्यासाठी काही वर्षांत पुसायला घेतली. आयर्लंडात लांडगे कधीच संपले, हरणाला खाणारं दुसरं मोठं जनावर नाही. त्यामुळे कळप फार वाढू नये म्हणून पार्काची व्यवस्था पाहणाऱ्या सरकारी खात्याला वेळोवेळी काही हरणं मारावी लागतात. म्हणजे एका बाजूने आम्ही भरवणार आणि दुसऱ्या बाजूने कोणीतरी गोळी घालणार. प्रेमाचा हिशेब असा लागला की तो प्रेमाचा राहत नाही.

त्यानंतर मी गाजरं बंद केली. पाहुण्यांना सांगायचो, नियम आहे. पार्कात पाट्याही आहेत: खाऊ घालू नका, किमान ५० मीटर दूर राहा. ५० मीटर म्हणजे क्रिकेटच्या अडीच खेळपट्ट्या. नियम आहे म्हटलं की पाहुणे ऐकतात. परदेशात आपली माणसं नियम फार पाळतात.

आई मात्र पाहुणी नव्हे.

आई गेल्या जुलैत आली. याआधी आली होती ती लेकीच्या जन्माच्या वेळी, ऐन हिवाळ्यात. तेव्हा बाळंतपण आणि काळोख यांतून बाहेर पडणं जमलंच नाही. ओटीवरचा फोटो इतकी वर्षं लोकांना दाखवून झाल्यावर तिचा स्वतःचा एक बेत पक्का होता. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती लेकीला घेऊन दुकानात गेली आणि गाजरांची पिशवी घेऊन आली. "या वेळी माझा फोटो काढ," म्हणाली.

मी म्हटलं, "आई, आता आम्ही भरवत नाही त्यांना."

"का? संपली हरणं?"

मी अभ्यास सांगितला, वजनाचं सांगितलं, माईक-स्पीकरचं उदाहरण दिलं. आई शांतपणे ऐकत राहिली. मग म्हणाली, "अरे, मुक्या जनावराला घास घातला तर त्यात पाप कसलं? आपल्याकडे जेवायच्या आधी गायीचा घास काढतात. कावळ्याला ठेवतात. मुंग्यांना साखर घालतात. तुमच्या कॉलेजातल्यांना काय कळतंय त्यातलं?"

ह्याला उत्तर देणं सोपं नाही, हे तुम्हीही मान्य कराल. लहानपणी पहिली पोळी गायीला द्यायला मलाच पाठवायची ती. भूतदया हा शब्द मी पुस्तकात नंतर वाचला, आधी तो आईच्या हातात पाहिला. आता त्याच आईला मी कुठल्या तोंडाने सांगू, की घास घालू नकोस?

मग मी जरा खालच्या पातळीवर उतरलो. विचारलं, "माकडांना घालशील?"

आईचा चेहरा बदलला. कोकणात माकडांचा विषय काढला की कोणाचाही बदलतो. आमच्या आगरात नारळाचं शहाळं हाताला लागणं मुश्कील झालंय. वानर येतात, लाल तोंडाची माकडं येतात, कोवळे नारळ पाडतात, फणस फोडतात, परसातला भोपळा उचलून नेतात. गलोल झाली, फटाके झाले, राखणीला कुत्रा झाला. आई त्यांना ज्या शब्दांत बोलते ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

"माकडं आणि हरणं एक का?" ती म्हणाली.

एक नाहीत, कबूल. आणि कोकणातल्या माकडांचा सगळा दोष भरवण्याला देणंही बरोबर नाही. जंगल तुटलं, बागा जंगलाला भिडल्या, त्याची कारणं अनेक आहेत. पण आपल्या पर्यटनस्थळांची गोष्ट आठवून पाहा. माथेरानला जा, महाबळेश्वरच्या पॉइंटांवर जा, घारापुरीला जेटीवरून लेण्यांपर्यंतच्या पायऱ्या चढा. हातातला कणसाचा दाणा, बिस्किटाचा पुडा, थंड पेयाची बाटली काहीही सुरक्षित नसतं. बाटलीचं झाकण फिरवून उघडणारं माकड पाहून आपण टाळ्या वाजवतो. तेच माकड पोराच्या हातातली पिशवी ओढताना चावलं की 'उपद्रवी' ठरतं. मग पिंजरे येतात, पकडणारे येतात. घाटातल्या वळणावर गाड्या थांबवून लोक शेंगदाणे फेकतात, माकडं रस्त्यावर येऊन बसतात आणि त्यातली किती चाकाखाली जातात, हे तो रस्ता रोज करणाऱ्या कोणत्याही एसटी ड्रायव्हरला विचारा.

गोजिरवाणं ते उपद्रवी हा प्रवास जनावर आपणहून करत नाही. त्याला तिथपर्यंत आपण बोट धरून नेतो आणि पोचल्यावर त्यालाच शिव्या देतो. माकडांच्या बाबतीत तो प्रवास आपण पूर्ण केलाय. डब्लिनची हरणं अजून अर्ध्या वाटेवर आहेत, एवढाच फरक.

आणि हे फक्त आपल्याकडचं किंवा इथलं नाही. जपानच्या नारा शहरातली हरणं जगभर प्रसिद्ध आहेत. तिथे तर भरवण्याची रीतसर व्यवस्था आहे: हरणांसाठी खास बिनसाखरेच्या चकत्या विकत मिळतात आणि हरणं त्यासाठी मान लववून नमस्कारही करतात. इतकी शिस्त असूनही २०१९ मध्ये तिथे मेलेल्या हरणांच्या पोटात प्लॅस्टिक सापडलं. एकाच्या पोटात तर ४ किलोंहून जास्त. पिशवीला खाऊचा वास लागला की पिशवी आणि खाऊ यातला फरक हरणाने कसा ओळखावा?

असो. आईची समजूत पटली नव्हती, पण "बरं, बघायला तर जाऊ" म्हणाली. गाजरांची पिशवी मात्र तिने स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

क्रूसाजवळ गाडी लावली. संध्याकाळचे सात वाजले होते, म्हणजे जुलैत इथे लख्ख ऊन. समोरच पंधरा-वीस माणसांचं कोंडाळं आणि मध्ये चार-पाच नर. एक तरुण बाप आपल्या दोन-अडीच वर्षांच्या मुलाला एका मोठ्या नराच्या अगदी पुढ्यात उभं करून मागे सरकत होता, फोटोत दोघंही यावेत म्हणून. मुलाच्या हातात बिस्किट. हरणाने मान पुढे केली, बिस्किट घेतलं, आणि मागून दुसरा नर घुसला म्हणून पहिल्याने झटक्यात डोकं वळवलं. बस, एवढंच. शिंग मुलाच्या कानाजवळून गेलं. मूल दचकून मागे पडलं आणि रडायला लागलं. कोणालाही काही लागलं नाही. बापाने मुलाला उचललं, हसला आणि म्हणाला, घाबरला बिचारा.

मला मात्र तो लाल रेनकोट दिसला. आठ वर्षांपूर्वी मीही असाच मागे सरकत होतो, फोटोत दोघंही यावेत म्हणून. आमच्या वेळी मागून दुसरं हरीण आलं नाही, एवढंच माझं कर्तृत्व. ऑक्टोबरात नर माजावर येतात तेव्हा तर विचारूच नका. घोगऱ्या आवाजात दिवसभर ओरडत एकमेकांवर तुटून पडतात. त्या वेळीही लोक डबे घेऊन जातात. आणि उद्या एखाद्या मुलाच्या डोळ्याला शिंग लागलं, तर शिक्षा बापाला होणार नाही. ती त्या हरणाला होईल.

आई काही बोलली नाही. आम्ही तिथून निघालो आणि मैदानाच्या पलीकडच्या बाजूला, जिथे गाडी जात नाही, तिथे चालत गेलो. झाडीच्या कडेला एक कळप होता. अडीच खेळपट्ट्या मोजून (लेकीने पावलांनी मोजल्या) आम्ही गवतावर बसलो. पहिली दहा मिनिटं हरणं आमच्याकडे बघत होती. मग त्यांनी आम्हाला सोडून दिलं आणि आपापल्या कामाला लागली.

आणि मग जे दिसलं ते मी त्या आधीच्या नऊ वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. गवत हललं आणि त्यातून एक पाडस उभं राहिलं. आई येईपर्यंत ही पाडसं गवतात दबून राहतात. शेजारून जाल तरी दिसत नाहीत. ते आईला लुचायला लागलं, आणि शेपटी अशी हलत होती की माझी लेक तोंडावर हात ठेवून हसत सुटली. थोड्या अंतरावर दोन नर मागच्या पायांवर उभे राहून पुढच्या खुरांनी एकमेकांना चापट्या मारत होते. जुलैत त्यांच्या शिंगांवर अजून मखमलीसारखं कातडं असतं, ते नाजूक असतं, म्हणून त्या दिवसांत शिंगं न लावता अशी मारामारी करतात. हे मला नंतर वाचून कळलं. तेव्हा फक्त आम्ही तिघं आ वासून बघत होतो. पाऊण तास. एकही हरीण आमच्याकडे आलं नाही, आणि त्याची कोणालाही आठवण झाली नाही.

परतताना गाडीत आई म्हणाली, "गायीला घास घालतो ती गाय आपली असते रे. तिला पाणी आपण दाखवतो, आजारी पडली तर रात्र आपण जागतो. हे म्हणजे नुसता घास घालायचा आणि निघून जायचं."

मी गप्प बसलो. माझ्या माईक-स्पीकरपेक्षा हे फार बरं सांगितलं होतं तिने.

पण तिचं म्हणणं तिथेच संपलं नाही. "तरी," ती म्हणाली, "भुकेलं असेल आणि दाराशी येईल, त्याला मी नाही म्हणणार नाही. ते मला जमायचं नाही." आणि यावर मी वाद घातला नाही. कारण मलाही वाटतं की भूतदया टाकून द्यायची वस्तू नाही. ती कुठे वापरायची एवढाच प्रश्न आहे. जुलैतल्या गवतात उभं असलेलं हरीण भुकेलं नसतं. भूक आपल्याला असते, त्याने आपल्याजवळ यावं याची, आणि तसा फोटो आपल्याकडे असावा याची. ती भूक भागवायला आपण दयेचं नाव घेतो.

मागच्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टात दादरच्या कबुतरखान्यावरून काय झालं ते तुम्ही वाचलंच असेल. महापालिकेने ताडपत्री घातली, लोकांनी ती ओढून काढली. एक बाजू म्हणाली श्रद्धा, दुसरी म्हणाली फुप्फुसं. त्या सगळ्या गदारोळात मला एक प्रश्न फारसा ऐकू आला नाही: रोज पोत्यांनी दाणे टाकून त्या कबुतरांचं आपण नक्की काय केलं? एका चौकात इतकी कबुतरं मुळात जमली कशी? श्रद्धेची टिंगल न करताही हा प्रश्न विचारता येतो. विचारायला हवा.

काही जण म्हणतात, मुलांना जवळून दाखवलं नाही, हात लावू दिला नाही, तर त्यांना प्राण्यांबद्दल प्रेम कसं वाटणार? मीही हेच म्हणायचो. आता लेकीकडे बघून सांगतो. चार वर्षांची असताना तिने हरणाला भरवलं, त्यातलं तिला काहीही आठवत नाही, ती फक्त फोटो ओळखते. जुलैतली ती शेपटी मात्र ती अजून बोटाने हलवून दाखवते. दुसरे म्हणतात, भिंतीतली हरणं ती, कसली जंगली! खरंय, पूर्ण जंगली ती नाहीतच. पण साडेतीनशे वर्षं भिंतीत राहूनही त्यांनी जेवढा रानटीपणा राखला, तेवढा तरी आपल्या हातून जाऊ नये. कारण तो गेला की उरेल ते दुभतं नाही, ओझ्याचं नाही, राखणीचं नाही, असं नुसतं मागणारं जनावर.

ओटीवरचा फोटो अजून तिथेच आहे. मी फोनवर आईला म्हटलं, काढून टाक तो, चुकीचं दाखवतो आपण लोकांना. आई म्हणाली, "काढत नाही. माझी नात गोड दिसते त्यात." मग जरा थांबून म्हणाली, "येणाऱ्याला सांगते मी, आता ते असं करत नाहीत म्हणून."

चला, एवढं झालं तरी पुष्कळ.

आणि हो, तिच्या पर्समधल्या त्या गाजरांची त्याच रात्री कोशिंबीर झाली, वरून मोहरीची फोडणी. तेव्हा तुमच्यापैकी कोणी डब्लिनला येणार असाल तर सँट्रीला जरूर या. पार्कात मी स्वतः घेऊन जाईन, अडीच खेळपट्ट्या मोजून बसू आणि जे दिसेल ते बघू. गाजरं आणलीत तरी हरकत नाही. हलवा करू.